बेटावर ठेवलेला घास

बारामती,
२१ सप्टेंबर २०२५

ती. विजयसिंहदादांस,
जयवंताचा शि. सा. नमस्कार.

फोनवर प्रवास छान झाला एवढंच बोलले. बाकीचं सांगायला धीर झाला नाही, म्हणून कागद घेतला.

श्रेयाने आई शाळेतून निवृत्त झाली म्हणून भेट दिली, प्रशांत महासागरातल्या बेटांची ती बोटीची सहल. शेवटचा दिवस नेमका आबांच्या तिथीला आला. निघताना तुम्ही म्हणालात, की घास आम्ही ठेवू, तू आपली मासे बघ. ते मला लागलं होतं. म्हणून बॅगेत तळाशी एक धपाटं जपून ठेवलं.

आमचा वाटाड्या मातेओ, श्रेयाच्या वयाचा. बेटावर उतरण्याआधी रोज आमच्या बुटांचे तळ ब्रशने घासायचा, बाहेरचं बी जाऊ नये म्हणून. खायचं काही नेऊ नका, हे तर दहादा सांगायचा. त्या दिवशी मंडळी समुद्रसिंहांचे फोटो काढत होती. मी मागे राहिले, खडकावर धपाटं ठेवलं आणि हात जोडले. तिथे कावळा नाहीच. भोरडीएवढा एक करडा पक्षी आला आणि तुकडा घेऊन उडाला. मला इतकं बरं वाटलं, दादा.

बेटाच्या रखवालदाराने त्या पक्ष्याच्या चोचीत तुकडा पाहिला. हे कुणी केलं म्हणून विचारलं. मी बुटांकडे बघत राहिले. मातेओने आपली चूक म्हणून त्याच्या कागदावर सही केली. संध्याकाळी निरोपाचं जेवण झालं, त्याला तो नव्हता. त्याचा परवाना काढून घेतल्याचं कळलं. तरीही मी गप्पच. छत्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, त्याची लाज वाटते.

वहिनींना नमस्कार. रागावलात तरी उत्तर लिहा.

तुमची,
जयवंता

इंदापूर,
२६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. जयवंतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. बोट लागली का, ते लिहिलं नाहीस. एस.टी.त सुप्यापर्यंतही तुला उलटीवाचून दम निघत नसे.

ते मासे बघ म्हणालो, ते माझं तोंड. इथे बारा वाजले तरी कावळा शिवेना. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, लेक गावाला गेली म्हणून आबा रुसले. आता तुझं वाचून माझीच मान खाली गेली.

पण एक आठवण करून देतो. आबा सुप्याच्या अभयारण्यात वनरक्षक होते. चिंकाऱ्यांना भाकरी घालणाऱ्यांच्या मागे काठी घेऊन धावायचे. एकदा कुणीतरी शिळं अन्न टाकलं, दोन हरणं मेली आणि नोटीस आबांना आली. टाकणारा कधी पुढे आला नाही. आबा वर्षभर त्याची वाट बघत होते, हे तुला ठाऊक आहे.

पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वन्संनी घास ठेवला त्ये समजतं, गप बसल्या त्ये न्हाय समजत. मलाही तेच वाटतं. बोटवाल्यांना आपलं नाव घालून लिही.

तुझा,
दादा

बारामती,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. दादांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी श्रेयाला सगळं सांगितलं. तिनेच माझी कबुली इंग्रजीत करून बोटवाल्यांना आणि तिथल्या अधिकाऱ्यांना पाठवली. मातेओला परवाना परत मिळाला. मला पुन्हा त्या बेटांवर पाऊल ठेवता येणार नाही. ते योग्यच झालं.

काल मातेओचं उत्तर आलं. त्याने मला खडकाजवळ पाहिलं होतं. तो लिहितो, बाई, तुमचे हात जोडलेले होते, डोळे मिटलेले होते. तुमचं कुणीतरी गेलेलं असणार, म्हणून मी तुमचं नाव घेतलं नाही. शेवटी विचारलंय, की तो पक्षी आला तेव्हा तुम्हाला बरं वाटलं का.

दादा, त्याला काय लिहू? या रविवारी येते. वहिनींसमोर बसूनच लिहीन.

लोभ आहे तसा राहू द्या, माझ्याकडून उणा पडला तरी.

तुमची,
जयवंता