हव्वेचे माहेर

सावेडी, अहमदनगर
१२ फेब्रुवारी १९९६

प्रिय दीपा,

तुझे पत्र शनिवारी मिळाले. माहेरी येऊन किती दिवस राहता येईल, हा तुझा प्रश्न मी पुन्हा वाचून पाहिला. उत्तर देण्यापूर्वी इथली एक हकिकत सांगतो, कारण ते उत्तर तिच्यातूनच निघते.

चर्चच्या सभागृहात सध्या एक प्रदर्शन आहे. विषय जगाच्या उत्पत्तीचा, काम निरनिराळ्या धर्मांच्या बायकांचे. तुझी आई, झेंडीगेटच्या रशीदाबी आणि आईच्या शाळेतल्या यशोधराबाई या तिघींनी आपल्या ओसरीवर बसून एक गोधडी शिवली. आदाम-हव्वा आपल्याकडे आहेत तसे रशीदाबींकडेही आहेत, त्यामुळे त्या दोघींचे जमले. यशोधराबाईंनी मात्र आरंभीच बजावले, "आमच्या धम्मात जग कुणी घडवलेलंच नाही. मी आपली सुईत दोरा ओवून देते. बिघडलं तर तुमचा देव जबाबदार." प्रत्यक्षात सर्वांत बारीक टाके त्यांचेच आहेत.

उद्यान, नदी, झाड, सर्प हे सर्व यथास्थित झाले. मग रशीदाबींनी हव्वेच्या पाठीमागे एक कौलारू घर शिवले आणि दारात वाट पाहणारी एक म्हातारी. मी हरकत घेतली. हव्वा बरगडीतून घडली. तिला आई नव्हती, तेव्हा हे घर शास्त्रात बसत नाही. रशीदाबी म्हणाल्या, "वोच तो, भाईसाब! बिचारीला माहेरच नाही. लेकरं झाली तवा डोक्याला तेल कुणी लावलं असंल?" तुझी आई शास्त्रावरून माझ्याशी कधी वाद घालत नाही. या वेळी तिने टाका न थांबवता विचारले, "अन् आदामानं हात उगारला असता, तर ती कुठं गेली असती वो?"

नाताळात तू मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज का घालत होतीस, ते तिने मला नंतर सांगितले.

काल चर्चच्या पंचमंडळाने ते घर उसवण्याची सूचना केली. प्रदर्शनाचा चिटणीस मी, म्हणून कात्री माझ्या हाती आली. मी ती टेबलावर ठेवली, गोधडीखालच्या चिठ्ठीवरचे 'सृष्टीची उत्पत्ती' हे शब्द खोडले आणि 'हव्वेचे माहेर' असे लिहिले. याला आधार कोणत्या वचनाचा, असे पाळकसाहेबांनी विचारले. वचन नाही, गरज आहे, असे मी सांगितले. गोधडी आहे तशीच टांगलेली आहे.

माहेरपण चार दिवसांचे असते. तू त्यासाठी येत नाहीस, हे मला समजले आहे; म्हणून दिवस मोजण्याचे कारण उरत नाही. सुधीरराव तुला न्यायला आले, तर दार मी उघडीन आणि बोलेनही मीच. पुढच्या गुरुवारी तारकपूर स्टँडवर उतर. मी स्कूटर घेऊन उभा असेन. स्कूटरवर मावणार नाही इतके सामान आण.

तुझाच,
पप्पा