नजर तयार होताना

३ जुलै
एकदाचं घोडं गंगेत न्हालं. छातीच्या रेडिओलॉजीची फेलोशिप मिळाली आणि आजपासून रुजूही झाले. आईला बरोबर आणलंय. दोन खोल्या, एक गॅलरी, नळाला दिवसभर पाणी, आई खूश. तिचं म्हणणं, एवढं शिकून शेवटी अंधारात बसून फोटोच बघायचे, तर घरचे अल्बम काय वाईट होते. आमचे विभागप्रमुख त्या अंधाऱ्या खोलीतून हलतच नाहीत, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात घुबडसर म्हणते. माणूस मात्र मायाळू आहे. भिंतीवर आधीच्या फेलोंचे फोटो लावलेत, सगळे आज नामवंत. माझाही लागेल.

१९ जुलै
घुबडसरांची पद्धत जगावेगळी. फिल्म स्वच्छ दिसली की म्हणतात, पुन्हा बघ. काही नाही असं नसतंच, आपली नजर कमी पडते. आज मी एका सीटी स्कॅनमध्ये एकाच जागी डोळे रोवून बसले आणि फुप्फुसात मोहरीएवढा ठिपका सापडला. टेक्निशियनबाई शपथेवर सांगत होत्या की सकाळी तिथे काही नव्हतं. सरांनी पाठ थोपटली, म्हणाले, नजर तयार होतेय. मी आपली हवेत.

६ ऑगस्ट
सरांनी आज विचारलं, घरी कोण असतं. आई, आणि दादा वेगळा राहतो म्हटल्यावर म्हणाले, तिला त्याच्याकडे पाठवून दे. का, ते सांगेनात. मला रागच आला. टेक्निशियनबाईंकडून कळलं की भिंतीवरच्या फोटोंतले सगळे एकेकटे राहतात आणि घरी बसून अनोळखी माणसांच्या फिल्म वाचतात. पगार भरमसाठ, घरात चिटपाखरू नाही. म्हटलं, हुशार माणसं जरा चक्रमच असतात.

२० ऑगस्ट
आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने हात वर केला आणि मला तिची फुप्फुसं दिसली, पडद्यावर दिसतात तशी. डावीकडे वर एक ठिपका. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. दुपारीच तिचा सीटी करून घेतला. काही नाही, छाती लख्ख. जीव भांड्यात पडला. आई म्हणाली, आता तरी माझ्याकडे माणसासारखं बघ.

२ सप्टेंबर
ठिपका दिसतोच. ती वाढायला वाकते तेव्हा, पेपर वाचते तेव्हा. मी रोज तिथेच बघते. न बघून कसं चालेल, आई आहे माझी.

१५ सप्टेंबर
दुसरा सीटी. ठिपका आहे. नेमका तिथेच, मोहरीहून मोठा. सर पडद्यासमोर रडले. त्यांच्या बायकोचं असंच झालं होतं. म्हणाले, आपण जिथे शोधत राहतो तिथे ते धरतं. बघणं थांबव, वाढणं थांबेल. मग आम्हाला हे शिकवता कशाला, असं विचारलं. सरांनी पडदा बंद केला.
माझ्याच डोळ्यांनी केलं हे. आईला.
सर्जन म्हणतात, अजून लहान आहे, काढता येईल. ऑपरेशन १९ला. तोवर मी बघायचं नाही.

१७ सप्टेंबर
दादाकडे जा म्हटलं. जात नाही. तिला वाटतंय मलाच काहीतरी झालंय — लेकीला अशी टाकून कुठे जाऊ, म्हणते. मी खोलीला कडी लावून बसलेय. ती दाराशी ताट ठेवते. खोकते. भिंतीतूनही दिसायला — नाही. डोळ्यांवर ओढणी बांधलीय. अक्षरं एकावर एक पडत असतील.

१८ सप्टेंबर
उद्या ऑपरेशन. आई, एवढा एक दिवस —

सुताराकडून कडी काढवली तिने. जवळ बसलीय. केसांवरून हात फिरवतेय. उद्याची भीती वाटते म्हणते, एकदा बघ गं माझ्याकडे.
ओढणी सोडली तिने. मी डोळे घट्ट —
रडतेय. आई रडतेय आणि मी —
फक्त चेहरा. छातीकडे नाही बघ—