कोनाला ॲडजस्ट करू?

पनवेल कोळीवाडा,
सोमवार

तीर्थरूप भीमाआत्यास,

प्रांजलचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, तेल लावतेस की बाटली फळीवर ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस, हे आईने विचारायला सांगितलं आहे. आमच्याकडे सगळे बरे आहेत. बरे म्हणजे कोणी आजारी नाही, एवढ्याच अर्थाने घे. माझी हळद शनिवारी संध्याकाळी आहे आणि देवा-पितरांना हळदीला बोलावणारा धवला गायला तू येणार की नाही, हे या घरात कोणालाच ठाऊक नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. बाबा उद्या मोऱ्याला तुझ्याकडे येतायत, त्यांच्या हाती देते. नुसता निरोपच दिला असता, पण बाबा निरोपात स्वतःचं मत घालतात, आणि या विषयावर त्यांना मत आहे. पत्र दिपिकावहिनी तुला वाचून दाखवेल. (वहिनी, कंसातला मजकूर तुझ्यासाठी आहे, तो मनात वाच. नुसती थांबलीस तर सासूबाईंना कळेल, म्हणून मध्ये मध्ये खोकत जा.)

हॉलवर जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. तू उठून गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून क्रमाने सांगते. निनादच्या घरच्यांना हळद दोन्हीकडची एकत्र आणि हॉलमध्ये हवी होती. ते नवीन पनवेलला राहतात, सहाव्या मजल्यावर, तिथे मांडव घालायचा कुठे? त्यामुळे यात त्यांची चूक काढता येत नाही. (मी काढून पाहिली.) सगळी व्यवस्था प्रितेश नावाच्या मुलाकडे दिली आहे. त्याच्याकडे पिवळ्या रंगाच्या एकवीस छटांचं एक पुस्तक आहे आणि गळ्यात शिटी असते. शिटी कशासाठी ते त्याने सांगितलं नाही. त्याने धवल्याला दहा मिनिटं दिली होती, फुलांची छत्री आणि ड्रोन यांच्या मधली. तुझ्यासमोर वाकून तो म्हणाला, ‘आजी, बेस्ट पार्ट तेवढा घ्या ना. बाकीचं जरा ॲडजस्ट करा.’ तू त्याच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, ‘मंग सांग, कोनाला ॲडजस्ट करू? देवांना नको बोलवू का पितरांना नको बोलवू?’ प्रश्न बरोबर होता. तू पिशवी उचललीस आणि उरणच्या बसला गेलीस. प्रितेशने मला विचारलं की आजी हो म्हणाल्या का. त्याला ते खरोखर कळलं नव्हतं.

तेव्हापासून मी या एका क्रियापदावर लक्ष ठेवून आहे. माझं कामच मोजायचं आहे, त्यामुळे एखादा शब्द रोज वेगळं माप दाखवायला लागला की मला चैन पडत नाही. तळोज्याला आमच्या कारखान्यात नळ्यांमधला दाब दाखवणारी घड्याळं असतात. ती बरोबर दाखवतात की नाही हे मी तपासते, आणि चुकत असतील तर काटा जागेवर आणते. या शेवटच्या कामाला आमच्याकडे ॲडजस्ट करणं म्हणतात. त्याचा नियम असा की स्क्रूला हात लावण्याआधी काटा कुठे होता ते पाहायचं आणि लिहून ठेवायचं. ते न पाहता कोणी स्क्रू फिरवला तर सगळं काम बाद. आणि काटा मुळात बरोबर असेल तर त्याला हातही लावायचा नाही. मला हा शब्द या एकाच अर्थाने येत होता, आणि मी सुखी होते.

कारखान्याच्या फाटकाबाहेर मात्र तो कुठेही बसतो. शेअर रिक्षात मागे तिघी बसलेल्या असताना चौथी आत शिरते आणि ॲडजस्ट करा म्हणते, तेव्हा त्याचा अर्थ तुमचं अर्धं अंग बाहेर काढा. ब्लाउज दंडात घट्ट झाला तर शिंपी होईल ॲडजस्ट म्हणतो, म्हणजे ब्लाउज तसाच राहील, दंडाने बघून घ्यावं. आमच्या सोसायटीचा पाणी सोडणारा माणूस आज ॲडजस्ट करा म्हणतो, म्हणजे पाणी नाही. कारखान्यात माझ्या हाताखाली आलेला नवा मुलगा उशिरा येऊन मॅडम, ॲडजस्ट कर लो म्हणतो, म्हणजे माफ करा, पण मी उद्याही उशिराच येणार आहे. आणि बाबांनी मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगितलं की जेवण ॲडजस्ट केलंय. त्यांनी फक्त ताट बदललं आहे. (वहिनी, हे वाचलंस तरी चालेल. बाबा समोर बसले असतील तर जरूर वाच.)

हळदीच्या जेवणाचंही तसंच झालं. सुनीताकाकू, म्हणजे निनादची आई, यांच्याकडे मासळी-मटण चालत नाही. त्या भांडखोर नाहीत, उलट इतक्या हळू बोलतात की नाही म्हणायला जागाच सापडत नाही. त्यांनी पनीर सुचवलं आणि होईल ना ॲडजस्ट असं विचारलं.  बाबा म्हणाले, ‘हळदीला पनीर? मंग लग्नाला काय, साबुदाना?’ त्यावर निनादचे वडील कृष्णकांतकाका मोठ्याने हसले, त्यामुळे बाबांना वाटलं ते आपल्या बाजूचे आहेत. शेवटी मार्ग निघाला. मटण-भाकरीची पंगत हॉलच्या मागे, जनरेटरपाशी मांडायची आणि पुढे पनीर. प्रितेश याला दोन्ही बाजू ॲडजस्ट झाल्या म्हणतो. म्हणजे शनिवारी नवरीकडचे झाडून सगळे जनरेटरपाशी असतील आणि स्टेजसमोर फक्त निनादच्या ऑफिसमधले लोक. मी हे दाखवून दिल्यावर तो म्हणाला की खुर्च्यांना पिवळे बो बांधलेत, फोटोत रिकाम्या वाटणार नाहीत.

आता निनाद. निनाद चांगला आहे. हे मी सगळं तपासून लिहिते आहे, त्यामुळे पुन्हा विचारू नको. पण तो हा शब्द फार वापरतो. आई करेल ग ॲडजस्ट, असं तो म्हणतो, आणि लगेच, तू पण जरा ॲडजस्ट कर. यातलं पहिलं पुढे कधीतरी होणार असतं आणि दुसरं आत्ताच्या आत्ता. मी त्याला हा फरक समजावला. त्याने मन लावून ऐकलं, पटलं म्हणाला, आणि मग म्हणाला की असंच एकमेकांना ॲडजस्ट करत गेलं की छान होतं. मी विषय बदलला.

मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे चहाला गेले होते. त्यांच्या एक मावशी आल्या होत्या. मी आत कप विसळत होते. मावशींनी विचारलं असावं की मुलगी रात्रीच्या पाळीला जाते म्हणे, लग्नानंतर कसं? सुनीताकाकू म्हणाल्या, ‘शिफ्टचं काय, होईलच नंतर ॲडजस्ट.’ आवाजात काही वाईट नव्हतं. मला उद्देशून काही नव्हतंच, त्यामुळे उत्तर देण्याचा प्रश्न आला नाही. कोण करणार, काय करणार, कधी करणार, यातलं काहीच त्या वाक्यात नव्हतं. माझा काटा आज कुठे आहे हे कोणी पाहिलंच नाही. मी कप पुसून ठेवले. एक जरा जोरात ठेवला गेला, पण फुटला नाही. (वहिनी, इथे खोकू नको, इथे खरंच काही नाही.)

तर तुझ्या जागेविषयी. तू गेल्यावर प्रितेश म्हणाला, टेन्शन नाही, तो दुसरी धवलारीन ॲडजस्ट करून देईल. ही धवलारीन पेन ड्राइव्हमध्ये निघाली. परवा हॉलवर आम्हा सगळ्यांना बसवून त्याने तिला लावलं. आवाज गोड होता, मागे बासरी होती. गाण्यात नवरा-नवरीचं नाव यायच्या जागा त्याने मोकळ्या ठेवून घेतल्या होत्या, नावं नंतर भरणार होता. पण एक जागा मोकळी करायची राहून गेली होती. त्यामुळे ऐन हळद लागताना बाई गायली की राहुलच्या नावाची हळद अंगाला लागली. हा राहुल कोण ते मला माहीत नाही. सुनीताकाकूंनाही माहीत नव्हतं, पण त्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. निनादनेही पाहिलं. आई म्हणाली, ‘आमच्यात राहुल कोन नाय’, आणि हे तिने इतक्या घाईने सांगितलं की मलाच संशय यायला लागला. प्रितेश शांतपणे म्हणाला की हा मागच्या पार्टीचा नवरदेव आहे, ॲडजस्ट करतो. मग कृष्णकांतकाकांनी विचारलं की त्या दिवशीच्या आजी का येत नाहीत? त्या बाई माणसं बघून गातात असं ऐकलंय.  सुनीताकाकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं की तुझी आत्या गाण्यात सासूबद्दलही गाते का, आणि साधारण काय गाते? मी म्हटलं, सासूवर अवलंबून असतं. हे मी माहिती म्हणून सांगितलं होतं. त्यांनी तसं घेतलं नाही.

मी काल मोऱ्याला येऊन गेले, हे तुला वहिनीने सांगितलं असेल. तू जेट्टीवर गेली आहेस, असं तिने मला सांगितलं. मी चहा प्यायले. तुझ्या चपला दारात होत्या, आणि आतल्या खोलीत कोणीतरी सुपारी कातरत होतं. सुपारी कोण कातरतंय हे मी विचारलं नाही, वहिनीनेही सांगितलं नाही. (वहिनी, तुझ्यावर राग नाही. चहा चांगला होता.) मग मी परत निघाले. उलव्याला रस्ता पुन्हा वळवला होता, त्यामुळे बराच वेळ धुळीत उभी होते. त्या वेळात मी तुला काय सांगायचं ते ठरवलं आणि घरी येईपर्यंत ते मला पटेनासं झालं. म्हणून इथे फक्त झालेलं लिहिते. पेन ड्राइव्ह मी परत दिला आहे. प्रितेशला सांगितलं की धवला तू सुरू करशील तेव्हा सुरू होईल आणि तू थांबशील तेव्हा थांबेल, आणि ड्रोन त्याच्यानंतर. त्याने विचारलं, अंदाजे किती वेळ? मी म्हटलं, मी अंदाज सांगत नाही. त्यावर त्याने शिटी तोंडाला लावली होती, पण वाजवली नाही.

तुझ्यावर दडपण आणायचं नाही. तुझा गुडघा दुखत असेल, मन नसेल, तर तसं कळव, आम्ही समजू. नुसतीच हळद लावू. आईने तशी तयारी दाखवली आहे, म्हणजे ती म्हणते की मग मीच गाते. आईचं गाणं तू ऐकलेलं आहेस.

मोठ्यांना नमस्कार, आणि वहिनीला, तिने एवढं वाचलं म्हणून, वेगळा.

तुझी,
प्रांजल

ता. क. शनिवारी दुपारी गाडी पाठवते. ड्रायव्हर उलव्यातून आणणार नाही, त्याला बजावलं आहे. तुझी खुर्ची स्टेजवर आहे आणि तिला बो नाही. मटणाची पंगत धवला संपेपर्यंत बसणार नाही असं बाबांनी सगळ्या नातेवाइकांना कळवलं आहे, त्यामुळे जनरेटरपाशी कोणी जाणार नाही आणि तू किती वेळ गातेस इकडे सगळ्यांचं बारीक लक्ष राहील. तू तिकडे लक्ष देऊ नको.

ता. क. २. वहिनी, हे कंसात नाही, मोठ्याने वाच. आत्या, वहिनीच्या हळदीत तू गायली होतीस की ही चिंचेच्या झाडाखालची पोर आहे, चिंचा लागल्या की माहेरी जाईल. तेव्हापासून ती दरवर्षी जाते आणि तुझ्या मुलाने एकदाही हूं की चूं केलं नाही, कारण आपल्यात धवल्यात आलेलं कोणी मोडत नाही आणि धवलारिनीवर कोणी रागवत नाही. मला सुनीताकाकूंना तोंडावर काही सांगता येत नाही. त्या इतकं हळू बोलतात. तर देवांना बोलावून झालं, पितरांना बोलावून झालं, की माझ्याबद्दल गा, ही पोर रात्रपाळीला जाते, आणि लग्न झाल्यावरही जाईल. काकूंचं नाव त्यात नीट घे, मानाने घे. त्या वाईट नाहीत.

ता. क. ३. यातलं निनादला काही सांगितलेलं नाही. त्या ओळीला आलीस की त्याच्याकडे बघ आणि तो हो म्हणेपर्यंत तीच ओळ परत परत गा. तो घाबरला की पटकन हो म्हणतो. मला ते हो सगळ्यांसमोर हवं आहे.