उत्तर भिंतीचा गिलावा

गॉटलंड, १६ ऑक्टोबर

चि. सिग्ने, अनेक आशीर्वाद.

चर्चच्या उत्तर भिंतीवरचा चुन्याचा नवा गिलावा हिमाने गळून पडला. वर्तमानपत्रातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते. कुणाला लागलं नाही. मीही बरी आहे.

ओला चुना गोठला की संपला, म्हणून इथे सप्टेंबरनंतर कुणी तो लावत नाही. आमचे म्हातारे गवंडी बोटुल्फ म्हणालेही, “बाई, चुना तुमचं वेळापत्रक वाचत नाही. वसंतापर्यंत थांबा.”

“तुम्ही थापी चालवा, तारखा मी बघते,” मी म्हणाले आणि ऑक्टोबरातच गिलावा लावून घेतला.

आता ते मला एका शब्दानेही टोचत नाहीत. तेच जड जातं.

आईचा खोकला कसा आहे? तिला एवढंच सांग, की मी लवकर येतेय.

काम पुन्हा कधी सुरू करायचं, हे यापुढे बोटुल्फ ठरवतील. तशी नोंद करून चुना भिजत ठेवायच्या खड्ड्याच्या झाकणाची किल्ली आणि कामाची वही आज त्यांच्या हाती दिली.

तुझी ताई,
थूरा