नारळ गेला बर्फाखाली

रवि. ३ जाने. २०१०
तळं गोठलं. मागच्या खिडकीतून दिसतं तेवढं सगळं पांढरं. आयर्लंडात, मलिंगारला येऊन चार वर्षं झाली, असं कधी बघितलं नव्हतं. दुपारी अभिच्या ऑफिसातला सचिन ट्रेलरवर जुनी चार जाड चाकांची क्वाड बाईक टाकून हजर. "वहिनी, ही आपली स्नो-स्कूटर! तळ्यावर चालवायची." मनालीला एकदा दहा मिनिटं बसलाय स्नो-स्कूटरवर, त्यामुळे तज्ज्ञ. अभि त्याच्यावर कडी. दोघांची वयं मिळवली तर सत्तरी, अक्कल मिळवली तर…
चहा दोनदा झाला.

मंगळ. ५
शेजारच्या मॉरीनला विचारलं, गाडी चालवायला बर्फ किती जाड हवा? "आह, इट'ल बी ग्रँड, लव्ह." मग म्हणाली, तिच्या लहानपणी एकदाच गोठलं होतं आणि तेव्हा तिला घराबाहेर सोडलं नव्हतं. म्हणजे तिलाही ओ की ठो माहीत नाही. इथे घराला आग लागली तरी ग्रँड.

शनि. ९
पूजेचा हट्ट माझाच. गाडी नवी असो नाहीतर जुनी, पूजेशिवाय पहिली फेरी नाही. हळदकुंकू, उदबत्ती, चाकांखाली लिंबं. नारळ सचिनने ब्लँचर्डस्टाउनच्या इंडियन दुकानातून आणला. फोडायला दगड सापडेना, म्हणून त्याने बर्फावरच आपटला. पहिल्यांदा टण्णकन उडाला. दुसऱ्यांदा हात उंच नेऊन जोरात आपटला, आणि नारळ दिसेनासा. नुसतं भोक. त्यातून काळं पाणी वर आलं. चाकापुढचं कुंकू पसरत गेलं.
मग सचिन हसला. "वहिनी, देवाने डायरेक्टच घेतला!" अभि म्हणाला, इथे ओढा येऊन मिळतो म्हणून पातळ आहे, आत जाड असणार. असणार! आणि गेले दोघं. आत, पार लांब. परत आले ते लाल गाल घेऊन.
इरा काठावर उड्या मारतेय. "मी नेक्स्ट! डॅडी, यू हॅव टु!" तो लगेच कबूल. पुढच्या रविवारी, मागे स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, बांधून. सहा वर्षांची आहे पोर.
जेवण गेलं नाही.

गुरु. १४. संक्रांत
मॉरीनला तिळगूळ दिला. सांगितलं, आजपासून दिवस तीळ तीळ वाढतो. तिला फार आवडलं. त्यांच्यातही म्हणे याच दिवसांत म्हणायला लागतात, "ग्रँड स्ट्रेच इन द ईव्हनिंग्ज," म्हणजे संध्याकाळ लांबायला लागली. अजून पंधरा-वीस दिवसांत त्यांचा वसंत.
कालपासून छपरावरचा बर्फ वितळतोय. पागोळ्या. दिवसभर टप टप टप. सगळे खूश. मलाच तो आवाज नकोसा झालाय.

शनि. १६
एकटीच तळ्यावर जाऊन आले. पांढऱ्याचा करडा झालाय. काठाला बोटभर पाणी. आणि नारळ दिसला. भोकापाशी नाही, बराच पुढे, बर्फ विरळ झालाय तिथे खालून टेकलेला. शेंडीसकट. म्हणजे खाली पाणी वाहतंय.
घरी येऊन भांडण. अभि: "पूजा तूच केलीस ना? मग आता कसली भीती?" देवाला नारळ दिला म्हणजे पोहायला शिकलात का, असं विचारायचं होतं. रडूच आलं.
शेवटी तोड निघाली. उद्या फक्त एक फेरी, ती दोघांचीच. मग सचिन क्वाड घेऊन जाणार. इराने काठावरून बघायचं, मॉरीनचा हात धरून. अभिने इराच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. इराने पाय आपटले. "दॅट्स नॉट फेअर, आई."

रवि. १७
ऊन. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.
सगळे गेले. मी नाही गेले. बघवणार नाही म्हटलं. देवापुढे दिवा लावलाय, खिडकीशी बसून हे खरडतेय. हाताला काहीतरी हवं.
पुण्याहून आईचा फोन. हळदीकुंकवाला काय लुटणार, विचारत होती. काय उत्तर दिलं आठवत नाही. ती बोलत असताना क्वाड सुरू झाल्याचा आवाज आला. आवाज येतोय तोवर ठीक आहे.
एक फेरी झाली. आवाज काठाशी आला, थोडा थांबला, पुन्हा निघाला. एकच ठरली होती ना?
काठावर मॉरीनचा लाल कोट दिसतोय. शेजारी कुणी नाही. दोन्ही हात डोक्यावर धरून उभी आहे, तळ्याकडे तोंड करून.
इराचं हसू ऐकू येतंय. काठावरून नाही. आतून. लांबून.
आवाज थांबला. दोन्ही.
बंद केली असेल गाडी. बंदच केली असेल. बूट कुठे आहेत माझे