आजाराचं रक्त

अम्मी, तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. तशी वेळच आली नाही. तू स्वयंपाकघरात, मी बाहेरच्या खोलीत, मधे एक पडदा, एवढ्यासाठी कोण पत्र लिहितं. पण आज दवाखान्यात एक बाई मला खजुराचा डबा देऊन गेली, आणि ती पाठमोरी चालत गेली तेव्हा तुझी इतकी आठवण आली की पुढच्या पेशंटला मी दोनदा तिचं नाव विचारलं. घरी बोलून उपयोग नाही. बायकांच्या दुखण्याचा विषय निघाला की माझ्या नवऱ्याला टीव्हीचा आवाज वाढवायची खोड आहे, आणि तुझी नात 'ममा, दॅट्स सो सॅड' म्हणून पुन्हा मोबाईलमध्ये डोकं खुपसते. राहिलीस तू. ऐकून घ्यायची सवय तुलाही नव्हती म्हणा, पण आता निदान मधेच उठून भात बघायला जाणार नाहीस.

दुबईच्या पलीकडचं, रास अल खैमातलं ते घर आठवतंय ना? अब्बा सिमेंटच्या कारखान्यात, खिडक्यांवर कायम करडी धूळ, आणि तू ओल्या फडक्याने ती पुसत असायचीस, जणू रत्नागिरीहून कुणी मोठं माणूस यायचं आहे. मी शाळेतून येते तेव्हा तू ओट्याला टेकून उभी असतेस. एक हात पोटावर, दुसऱ्या हातात डाव. तुझी सलवार नेहमी काळी. ईदला सगळ्या बायका रंगीबेरंगी आणि तू काळी, म्हणून मी रुसायचे. मग मला पाळी आली तेव्हा तू माझ्यासाठीही एक काळी सलवार शिवलीस, शाळेच्या युनिफॉर्मच्या आत घालायला, आणि म्हणालीस, काळ्यावर डाग दिसत नाही. तुझ्याकडून मला मिळालेली ती सगळ्यात मनापासूनची भेट असावी. त्याच दिवशी तू मला नियमही शिकवलास. पाळीत नमाज नाही, रोजा नाही. नमाज माफ, पण सुटलेले रोजे नंतर भरून द्यायचे, त्यांना कझा म्हणतात. आणि पंधरा दिवसांच्या पुढेही रक्त चालू राहिलं तर ते पाळीचं नाही, ते आजाराचं रक्त, त्याला इस्तिहाजा म्हणतात. मग आंघोळ करून नमाजला उभं राहायचं, रोजाही धरायचा. तू हे इतक्या सहज सांगितलंस की मला वाटलं सगळ्याच बायकांना पंधराच्या पुढे मोजावं लागतं.

तुझं पोट वाढलं ते मला कळलं बिल्डिंगमधल्या बायकांमुळे. वरच्या मजल्यावरच्या खाला मिठाई घेऊन आल्या आणि म्हणाल्या, इन्शाल्ला या वेळी मुलगा. तू लाजलीस, मिठाई घेतलीस, एक तुकडा तोंडातही टाकलास. त्या गेल्यावर मी विचारलं, अम्मी, खरंच? तू म्हणालीस, वेडी का काय, वारा धरलाय पोटाने. मग मी अब्बांना सांगते म्हटलं, डॉक्टरकडे जाऊया म्हटलं, तर तू अशी काही फिरलीस माझ्यावर. "बाईच्या पोटातलं चव्हाट्यावर मांडायचं नसतं, पोरी. मला काय झालंय? मी चालते, फिरते, नमाज पढते." ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही. तुझ्यापुरता दवाखान्याचा प्रश्न तिथेच मिटला होता. नमाज पढता येते आहे ना, मग झालं.

रमजानात तुझे निम्मे रोजे पाळीत जायचे, आणि थंडी पडली की तू ते भरायला घ्यायचीस, दिवस लहान असतात म्हणून. तोवर रंग पार उडालेला, जिना चढताना दर वळणावर थांबायचीस, बर्फ चघळायचीस. हो, बर्फ. फ्रीजमधला ट्रे तुझ्यामुळे कधी भरलेला नसायचा आणि आम्ही हसायचो. अंगात रक्त नसलं की माणसाला बर्फ खावासा वाटतो, हे मला कळलं तेव्हा तू जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आजारी माणसाला रोजा माफ असतो, अम्मी. तेही तूच शिकवलं होतंस. पण रक्त आजाराचं म्हणायचं आणि स्वतःला आजारी म्हणायचं नाही, हा हिशेब तुला कुणी शिकवला? मी बारावीत होते. दुपारी घरी आले तर तू फ्रीजला टेकून जमिनीवर बसलेली, ओठ पांढरे, आणि पाणी पुढे केलं तर मान हलवून नाही म्हणालीस. कझाचा रोजा होता. ॲम्ब्युलन्स आली, तुला नेलं. हार्ट बंद पडलं असं सांगितलं गेलं आणि अजूनही आपल्याकडे तसंच सांगतात. हार्टने गेली बिचारी.

मी पुढे सोनोग्राफी शिकले. अबूधाबीत मुसफ्फाजवळच्या एका छोट्या दवाखान्यात आहे, दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून बायकांच्या पोटावर थंडगार जेली लावते. गर्भाशयात गाठी होतात, फायब्रॉइड म्हणतात त्यांना. कॅन्सर नसतो, पण रक्त शोषून बाईला पोकळ करतात. आपल्याही बायकांना होतात. पण इतक्या वर्षांत मी डोळ्यांनी बघते आहे, युगांडाच्या, केनियाच्या, नायजेरियाच्या, सुदानच्या बायकांना त्या जास्त होतात, लहान वयात होतात, मोठ्या होतात आणि एकदोन नसतात, गुच्छच असतो. पुस्तकंही तेच सांगतात. आणि एवढं माहीत असूनही याच बायका सगळ्यात उशिरा माझ्या टेबलावर येतात. यायला उशीर करतात असं आमच्याकडे म्हणतात. खोटं आहे. त्या आधी चार ठिकाणी जाऊन आलेल्या असतात आणि चारही ठिकाणी त्यांना दुखण्याची गोळी देऊन वाटेला लावलेलं असतं.

ही खजूरवाली पहिल्यांदा आली ती डिसेंबरात. युगांडाची, मॉलच्या गेटवर सिक्युरिटी, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. रिसेप्शनवरची मुलगी तिला पाणी पी म्हणून सांगत होती, कारण लघवीची पिशवी भरलेली असली की पोटातलं नीट दिसतं, आणि ही नको म्हणत होती. मुलगी आत येऊन मला म्हणाली, वो काली वाली सुनतीच नहीं. मी बाहेर गेले तर ती खुर्चीत ताठ बसलेली, आणि मला म्हणाली, सिस्टर, रोजा है. मी म्हटलं, आत्ता कसला रोजा? तर म्हणाली, कझा.

मी तिला तसंच आत घेतलं. तिने बेल्ट काढला आणि त्याच्या आत आणखी एक कापडाचा पट्टा, घट्ट गुंडाळलेला, पोट आत दाबून ठेवायला. तिचं लग्न झालेलं नाही. सुपरवायझरला संशय आला होता की पोटात मूल आहे, आणि तो म्हणाला होता, रिपोर्ट आण नाहीतर परतीचं तिकीट काढतो. म्हणून ती आली होती. रक्ताचं तिने सांगितलंही नाही, मलाच विचारावं लागलं. मग कळलं, चार वर्षं. कधी तीन आठवडे, कधी महिनाभर. डॉक्टरांनी आयर्न दिलं, पेनकिलर दिली, एकाने वजन कमी कर म्हणून सांगितलं. तिच्या आईलाही असंच होतं, मावशीलाही. मी म्हटलं, आणि या अवस्थेत रोजे धरतेस? तर ती अगदी मला समजावून सांगावं तशा सुरात म्हणाली, "सिस्टर, पंधरा दिन के बाद वो पिरियड नहीं. सिकनेस का ब्लड. मेरी माँ ने सिखाया. इसलिए नमाज भी, रोजा भी."

माझा हात तिच्या पोटावर तसाच थांबला. हजारो मैल दूर कुठल्यातरी गावात कुणा अम्मीने आपल्या मुलीला तेच वाक्य दिलं होतं, तुझंच. स्क्रीनवर गाठीच गाठी, मोठी तर नारळाएवढी, पाणी न पिताही स्वच्छ दिसत होती. मला पेशंटला काही सांगायची परवानगी नाही, ते डॉक्टरने सांगायचं असतं. पण मी बोलले. म्हटलं, "पोटात मूल नाही. आणि आजाराचं रक्त म्हणतेस, तर आजाराचं औषध नको का?" तिने पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं सोडून दिलं. डोळे मिटून अल्हम्दुलिल्ला म्हणाली आणि विचारलं, मूल नाही हे मोठ्या अक्षरात लिहिता येईल का.

आमच्या डॉक्टरबाई हैदराबादच्या, बाई वाईट नाही. रिपोर्ट बघून म्हणाल्या, आयर्न देते, तीन महिन्यांनी बघू. मी म्हटलं, मॅडम, हिमोग्लोबिन बघा, हिला आत्ता मोठ्या हॉस्पिटलला पाठवायला हवं. त्या म्हणाल्या, "अरे, इन लोगों में ये बहुत कॉमन है. स्ट्रॉन्ग होते हैं ये लोग." माझं डोकंच फिरलं, अम्मी. कॉमन आहे म्हणजे आधी बघायला हवं ना? तर आमच्याकडे कॉमन म्हणजे घाई नाही. बायकांचं असंच असतं, असं आपल्यात म्हणतात, तिच्यासाठी फक्त शब्द बदलला. मी भांडले, चांगली भांडले, आवाज बाहेरपर्यंत गेला. तुम टेक्निशियन हो, हे ऐकून घेतलं, पण चिठ्ठी घेऊनच बाहेर आले. हॉस्पिटलने तिला ऑपरेशनची तारीख दिली. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, गाठी काढून गर्भाशय राखता येईल, मूल होऊ शकेल. हे मला सांगायला तिने मुद्दाम फोन केला. गावाकडे एक शिक्षक आहे, चार वर्षं तिची वाट बघतोय, हेही त्याच फोनवर सांगितलं, आणि हसली.

मग कंपनीचं सुरू झालं. सीझन आहे, मॉलला गर्दी आहे, बदली माणूस नाही, इन्शुरन्सचं अप्रूव्हल आलेलं नाही. तारीख एकदा पुढे गेली, दुसऱ्यांदा गेली. तिने बेल्ट बांधून गेटवर उभं राहणं सोडलं नाही. जानेवारीत तिथेच कोसळली. लोकांना वाटलं चक्कर आली, बाजूला बसवून ज्यूस दिला, आणि खुर्चीखाली लाल दिसलं तेव्हा पळापळ झाली. त्या रात्री रक्त थांबेना म्हणून गर्भाशय काढून टाकलं. जीव वाचला. सगळे म्हणतात, जीव वाचला ना, मग खलास, विषय संपला.

आज ती आली ती खजूर घेऊन. युनिफॉर्म कमरेत ढगळ झालाय, दुहेरी पट्ट्याची गरज उरली नाही. मी विचारलं, शिक्षकाला सांगितलंस का? तिने मान हलवली, पण हो की नाही ते मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. म्हणाली, या रमजानात सगळे रोजे झाले, आयुष्यात पहिल्यांदा, एकही सुटला नाही. आणि हे ती आनंदाने सांगत होती का, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. जाताना मात्र दारात थांबली. म्हणाली, तुम अकेली थी जो बोली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, सिस्टर, तुम्हारा कलर ठीक नहीं.

तिला मी हसून वाटेला लावलं. तू खालांना लावायचीस तसं. तुझी नातही परवा म्हणाली, ममा, यू लुक सो पेल, तर मी तिच्यावर खेकसले. आता खरं सांगते, नाहीतरी हे पत्र कुठे जाणार आहे. वर्ष होत आलं. सगळी मशिनरी माझ्या हाताखाली आहे, दुपारी खोली तासभर रिकामी असते, जेलीची बाटली उशाशी, आणि मी एकदाही माझ्या पोटावर प्रोब ठेवलेला नाही. कपाटात सगळ्या सलवारी काळ्या आहेत. या रमजानात मीही मोजत होते. सोळाव्या दिवशी उठले, आंघोळ केली, नमाज पढले, रोजा धरला, आणि कामावर येऊन दुसऱ्या बायकांना सांगत बसले की उशीर करू नका.