दीडशे मीटर पाण्याचं घड्याळ

४ जानेवारी १९७७

एक्स्चेंजमध्ये लागले त्या दिवशी हेड ऑपरेटर यमुताई म्हणाल्या होत्या, "ट्रंक कॉलची तीन मिनिटं म्हणजे तीनच मिनिटं वं बाई. तेवढ्यात कोणाचं लगन जमते, कोणाचं माणूस जाते. घड्याळ सांभाळ." त्याला बावीस वर्षं झाली. मी घड्याळ सांभाळतेच आहे. तेव्हा घरात ज्याला माझा घड्याळांचा शौक म्हणतात, तो शौक नाही, नोकरीचा भाग आहे. एकदा लिहून ठेवलेलं बरं.

संकल्प: यापुढे नवीन घड्याळ नाही. आहे ते निळं पुरे. (गेल्या महिन्यात काळं देऊन निळं आणलं. तो बदल होता.)

९ जानेवारी, रविवार

मनोहररावांना पुन्हा समजावून सांगितलं. हे पाणबुड्यांचं घड्याळ. काचेभोवतीचं कडं फिरतं. मिनिटकाटा असेल तिथे कड्यावरची खूण आणायची, म्हणजे तिथून पुढे किती मिनिटं गेली ते दिसतं. पाणबुड्याला हवा किती उरली ते कळतं, मला कॉल किती झाला ते.

त्यांनी तबकडीवरचं '१५० मीटर' वाचलं. म्हणाले, "नागपुरात येवढं पाणी कुठं हाय?"

मुद्दा पाण्याचा नाही, मजबुतीचा आहे. पण गांधीबागेतल्या दुकानात वीस वर्षं कापड मोजणाऱ्या माणसाला मीटर म्हटलं की कापडच दिसणार. ते स्वतः घड्याळ घालत नाहीत. रस्त्यात लोकांना वेळ विचारतात, तीही फार अदबीनं.

२३ जानेवारी, रविवार

कामठीला बाबांकडे गेले. मोतीबिंदू पिकलाय, पुढल्या महिन्याअखेरीस ऑपरेशन. येताना भैयाजीचं घड्याळांचं दुकान वाटेत लागलं. (वाटेत नाही. स्टँडवरून उलटं चालावं लागतं.) छावणीतल्या कोणीतरी त्याला एक नारंगी तबकडीचं दिलंय. हातात घेतलं. ठेवून दिलं. घेतलं नाही. मनाचा निश्चय काय असतो ते आज कळलं.

२४ जानेवारी

नारंगी रंग पाण्याखाली सर्वांत लांबून दिसतो म्हणे. आमच्या बोर्डापाशी उजेड कमीच असतो.

६ फेब्रुवारी, रविवार

भैयाजीचा व्यवहार घड्याळासाठी घड्याळ. शिवाय त्याचा नियम आहे: दोघांनी समोरासमोर एकमेकांच्या घड्याळाला चावी द्यायची. चावी दिली की सौदा झाला, मग परत मागायचं नाही.

निळं पुढे केलं. त्यानं कानाला लावलं, उन्हात धरलं. काचेच्या आत वाफ धरलीय. "यात तं धुकं पडून राहिलं बाई. याले घरीच ठेवा. मासोळ्या पाळा." त्याला सोनेरी, जुनं, स्विस मशीनचं पाहिजे. माझ्याकडे तसं काही नाही.

७ फेब्रुवारी

आहे. पेटीत, रुमालात बांधलेलं. आमच्या लग्नात बाबांनी जावयाला दिलेलं. सत्तावन्न साली देणंघेणं काही झालं नव्हतं. बुद्धवंदना, दोन हार, झालं. पण जावयाचा हात रिकामा ठेवायचा नाही म्हणून बाबांनी वर्षभर मागावर दुप्पट पाळी केली. मनोहरराव आठ वर्षं वापरत होते. मग दुकानातल्या लोखंडी मीटरवर ते आपटायला लागलं, म्हणून काढून ठेवलं. तेव्हापासून बंद.

बंद घड्याळातलं तेल सुकतं. भैयाजी निदान साफ तरी करेल. एका अर्थी ही त्या घड्याळाची काळजी घेणंच झालं.

१३ फेब्रुवारी, रविवार

तात्पुरती व्यवस्था आहे. होळीपर्यंत ते कोणालाही द्यायचं नाही असं भैयाजीला बजावलं. "हो हो" म्हणाला. मी नारंगीला चावी दिली, त्यानं आमच्याला दिली. बारा वर्षांनी, दोन फेऱ्यांत चालू झालं. ते असं लगेच चालू झालेलं मला आवडलं नाही.

१६ फेब्रुवारी

शेजारच्या बोर्डवरची प्रेमिला म्हणते, "चुन्याची डबी बांधली का वं हाताले? तंबाखू कोणत्या अंगाले हाय?" सगळा हॉल हसला. मीही हसले. हिला कड्याचा उपयोग कळायला वेळ लागेल.

२२ फेब्रुवारी

कडं पदराला अडकतं आणि दोन्हीकडे फिरतं. आज चंद्रपूरच्या एका धान्यवाल्याला मी "तीन मिनिटं झाली" म्हणून तोडलं तेव्हा दीडच झाली होती. त्याचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. उरलेलं त्यानं मला ऐकवलं. मेमो मिळाला. उत्तरात 'तांत्रिक कारण' लिहिलं.

१ मार्च

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन काल झालं. पट्टी आहे. आता येत्या रविवारी नक्की: नारंगी द्यायचं, आमचं आणायचं. होळी शनिवारीच आहे. मुदतही पाळली जाईल.

६ मार्च, रविवार

बसला फार गर्दी होती. एक सोडली. दुसरीलाही गर्दी असणारच, म्हणून घरी आले.

१३ मार्च, रविवार

पट्टी निघाली. बाबांना जाड भिंगांचा चश्मा. अंगणात बसून एकेक वस्तू पाहून राहिले होते. मला जवळ बोलावून केस पाहिले. म्हणाले, "तू तं म्हातारी झाली वं पोरी. मले कोणी सांगतलंच नाही."

मग म्हणाले, चौदा एप्रिलला नागपूरला येतो, मिरवणूक डोळ्यानं पाहतो. आणि जावयाच्या हातावर ते घड्याळ पाहतो. "लई वर्सं झाली. कसं दिसते तेच भुललो."

तिथून सरळ भैयाजीकडे. घड्याळ नव्हतं. "होळी होऊन आठ दिस झाले बाई." कोणाला दिलं ते सांगायला तयार नाही. गिऱ्हाइकाचं नाव तो सांगत नसतो. मी आवाज चढवला, तर त्यानं बोटांनी चावी फिरवल्यासारखं करून दाखवलं.

२० मार्च, रविवार

घाबरण्यासारखं काही नाही. एक, तसंच दुसरं शोधायचं. दोन, दुरुस्तीला दिलंय म्हणायचं. तीन, मनोहररावांच्या हाताला नारंगी बांधायचं. नवा चश्मा, बाबांना काय ओळखू येणार? तीनपैकी एक तरी होईलच. उगाच ट्रंक कॉलवरच्या हवालदिल लोकांसारखं वागायचं नाही.

(तिसरं होणार नाही. ताण्यातला एक तुटका धागा बाबा बोटानं शोधायचे.)

३ एप्रिल, रविवार

मनोहररावांनी आज पेटी उघडली. मामाजी येणार, घड्याळ साफ करून आणतो म्हणाले. रुमाल सापडला. रिकामा. त्यांनी तो झटकला, चौघडी करून परत ठेवला. माझ्या हातावरच्या नारंगीकडे एकदा पाहिलं. "चहा ठेवतो," म्हणाले.

उद्या सगळं सांगते.

४ एप्रिल

ड्यूटी.

५ एप्रिल

ड्यूटी. तशी दुपारनंतर घरीच होते. पण ते थकून आले होते.

१४ एप्रिल

बाबा सकाळीच आले. पांढरा सदरा. मिरवणूक पाहून खूश होते. एवढे निळे झेंडे, प्रत्येकाचा निळा वेगळा, म्हणाले. जेवायला बसल्यावर मनोहररावांचा हात धरून मनगटापाशी पाहिलं. "घड्याळ कुठं हाय जावई?"

मी सांगणारच होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मनोहरराव म्हणाले, "मामाजी, माझ्या हातून हरवलं. दुकानात काढून ठेवलं होतं. तुमाले सांगाची हिंमत नाही झाली."

बाबांनी चश्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. "वस्तू हाय. जाते." थोड्या वेळानं म्हणाले, "वर्सभर दोन पाळ्या केल्या होत्या ना, म्हणून इचारलं."

दुसरी पोळी घेतली नाही. निघताना मनोहररावांनी नेहमीसारखी पिशवी उचलली. बाबांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. स्टँडपर्यंत स्वतः नेली. मी दोघांच्या मागे चालत होते.

१५ एप्रिल

माझं चुकलं असं नाही, वेळ चुकली. मनोहररावांनी घाई केली.

१७ एप्रिल

त्यांनी घाई केली नाही. मी तोंड उघडलं नव्हतं.

२४ एप्रिल, रविवार

नारंगी भैयाजीच्या टेबलावर ठेवलं. बदल्यात काही नको म्हटलं. निळंही ठेवलं. त्यानं डोळ्याचं भिंग काढून माझ्याकडे पाहिलं, स्टूल पुढे केलं. मग नाव सांगितलं. भाजीबाजारातले रुपराव. पोरीच्या लग्नात जावयाला द्यायला घेतलं. मार्चातच लग्न झालं.

"एक डाव दिलेलं सासरा वापस मांगन काय बाई? तुमीच सांगा."

बसमध्ये मनगटावर एक पांढरा पट्टा दिसत होता. मनोहररावांना रात्रीच्या जेवणाआधी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मले ठाऊक होतं." मी म्हटलं, बाबांना सांगते, फक्त घड्याळ मिळू द्या. ते म्हणाले, "घड्याळाबिगर सांगता येत नाही काय?"

येतं. पण बाबांनी ते पाहायला मागितलं होतं.

१ मे, रविवार

चार कागद फाडले. पाचवा असा. उद्या टाकते. आजच टाकते.

"श्री. रुपरावजी यांना नमस्कार. आपली ओळख नाही. आपण जावयांना दिलेलं घड्याळ माझ्या बाबांनी वीस वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला दिलं होतं. ते त्यांना न विचारता मी अदलाबदलीत देऊन टाकलं. दोष माझा, आपला काही नाही. ते परत मागत नाही. आता ते तुमच्या जावयांचंच. विनंती एवढीच, की येत्या रविवारी त्यांनी ते हातात घालून अर्धा तास कामठीत आमच्या बाबांच्या घरी यावं. बाबांना नुकतं दिसायला लागलंय, त्यांना ते पाहायचंय. ते कसं गेलं हे त्या वेळी मीच सांगीन, जावयांनी काही बोलायचं नाही. नवा जावई असा परक्या घरी दाखवायला कोण पाठवील? माझ्या बाबांनी पाठवला नसता. तुम्हीही नाहीच म्हणाल. तरी पाठवाल का?"